टर्मिनलचे डिफॉल्ट रंग: गडद आणि उजळ पार्श्वभूमीच्या वादाचा आढावा

टर्मिनल पहिल्यांदा उघडल्यावर, कोणतीही सेटिंग न बदलता, अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा जो रंग समोर येतो तो त्या टर्मिनलचा डिफॉल्ट. विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये काळ्यावर फिकट राखाडी अक्षरे दिसतात, मॅकच्या टर्मिनलमध्ये वर्षानुवर्षे पांढऱ्यावर काळी दिसत आली, उबुंटूमध्ये गडद वांगी रंगावर पांढरी दिसतात, तर एक्सटर्म हा जुना प्रोग्राम आजही मुळात पांढऱ्यावर काळे दाखवतो. एकाच कामासाठी असलेल्या साधनांत इतकी भिन्नता का, आणि त्यातले योग्य काय, हा वाद पडद्यावरच्या टर्मिनलइतकाच जुना आहे.

रंग बदलणे ही दोन मिनिटांची गोष्ट असल्यामुळे हा वाद वरवर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात बहुतेक जण मिळाले ते रंग तसेच ठेवतात. शिवाय टर्मिनलमध्ये चालणारे प्रोग्राम लिहिणारे आपापल्या पडद्यावर जे ठळक दिसते त्यावरून आपल्या संदेशांचे रंग ठरवतात, आणि तेच संदेश दुसऱ्याच्या पडद्यावर पुसट होतात. या चर्चेत तीन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांची कोणती जोडी वाचायला सोपी, हा पहिला. त्या जोडीसोबत उरलेले रंग कसे बसवायचे, हा दुसरा. आणि रंग ठरवण्याचा अधिकार टर्मिनलचा, प्रोग्रामचा की वापरणाऱ्याचा, हा तिसरा.

कागद आणि फॉस्फर

पहिली टर्मिनले कागदावर छापत. १९६३ मध्ये आलेले टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरे या वेगाने कागदाच्या गुंडाळीवर शाईने मजकूर उमटवी. म्हणजे संगणकाशी मजकुराने बोलण्याची सुरुवात उजळ पार्श्वभूमीवरच्या गडद अक्षरांनी झाली. गडद पार्श्वभूमी आली ती काचेच्या पडद्याबरोबर.

कॅथोड रे ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत जिथे पडतो तिथला फॉस्फर हा चमकणारा लेप उजळतो आणि बाकीचा पडदा काळाच राहतो. अक्षर दाखवायचे म्हणजे तेवढेच ठिपके उजळवायचे. पार्श्वभूमी उजळ ठेवायची तर जवळजवळ सगळा पडदा सतत पेटता ठेवावा लागे. त्याने विजेचा खर्च वाढे आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे पडदा लुकलुके. सेकंदाला पन्नास-साठ वेळा नव्याने रंगवला जाणारा मोठा पांढरा पृष्ठभाग डोळ्यांना थरथरताना जाणवतो, काळ्या पडद्यावरची बारीक अक्षरे तितकी जाणवत नाहीत. आयबीएमच्या पहिल्या पीसीसोबत १९८१ मध्ये आलेला ५१५१ हा एकरंगी मॉनिटर सेकंदाला पन्नास वेळाच पडदा रंगवी. लुकलुक लपवण्यासाठी त्यात झोत पुढे गेल्यावरही बराच वेळ तेवत राहणारा हिरवा फॉस्फर वापरला होता. त्याची किंमत म्हणून मजकूर वर सरकला की जुन्या ओळींची हिरवी सावली क्षणभर मागे रेंगाळे.

अक्षरांचा रंगही फॉस्फरवरच ठरत असे. हिरवा, अंबर आणि पांढरा हे तीन प्रकार सर्रास मिळत. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९८३ मध्ये काढलेल्या व्हीटी२२० साठी ग्राहकाला या तिघांतून निवड करता येई. अंबर डोळ्यांना सोसतो असा त्या काळी बोलबाला होता. याच कंपनीच्या १९७८ च्या व्हीटी१०० मध्ये मात्र सेट-अपमधून संपूर्ण पडदा उलटा करण्याची, म्हणजे उजळ पार्श्वभूमीवर गडद अक्षरे दाखवण्याची, सोय होती. हा बदल करण्याचा आदेश प्रोग्रामलाही पाठवता येई आणि आजची बहुतेक टर्मिनले तो ओळखतात. गडद की उजळ हा पर्याय त्यामुळे पडद्याच्या टर्मिनलाच्या सुरुवातीच्या काळातच उपलब्ध झाला होता.

कागदासारखा पडदा ही कल्पना दुसऱ्या बाजूने वाढली. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये तयार झालेल्या आल्टो या संगणकाचा पडदा उभ्या कागदासारखा होता आणि त्यावर पांढऱ्यावर काळे दिसे. छापून येईल तेच पडद्यावर दिसावे हा त्यामागचा हेतू. १९८४ च्या मॅकिन्टॉशने हीच पद्धत घराघरांत नेली. सन या कंपनीच्या वर्कस्टेशनवरचा मूळ कन्सोलही पांढऱ्यावर काळाच असे. त्याच काळातल्या घरगुती संगणकांनी मात्र स्वतःच्या वाटा काढल्या. कमोडोर ६४ निळ्यावर फिकट निळी अक्षरे दाखवी, तर सिंक्लेअर स्पेक्ट्रम फिकट राखाडीवर काळी. १९८० च्या दशकात एकच सर्वमान्य डिफॉल्ट असा नव्हताच.

आठ नावे आणि सोळा छटा

रंगीत टर्मिनलाने दुसरा प्रश्न उभा केला. आयबीएमचे ३२७९ हे रंगीत टर्मिनल १९७९ चे. त्याच्या साध्या पद्धतीत रंग अर्थावरून ठरत. वापरणाऱ्याने भरायची जागा हिरवी, त्यातली ठळक जागा लाल, न बदलता येणारा मजकूर निळा आणि त्यातला ठळक मजकूर पांढरा दिसे. रंगाची कल्पनाही नसलेल्या काळात लिहिलेले प्रोग्राम या टर्मिनलावर आपोआप रंगीत झाले, कारण प्रोग्रामने फक्त त्या जागेचे काम सांगितलेले असे आणि रंग टर्मिनल देई.

पुढे सर्वत्र रूढ झालेली पद्धत याच्या उलट निघाली. युरोपीय संगणक उत्पादकांच्या संघटनेचे ईसीएमए-४८ हे मानक १९७६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि त्याची पाचवी आवृत्ती १९९१ ची. त्यात अक्षरांच्या रंगासाठी ३० ते ३७ आणि पार्श्वभूमीसाठी ४० ते ४७ असे आकडे आहेत. काळा, लाल, हिरवा, पिवळा, निळा, मॅजेंटा, सायन आणि पांढरा ही आठ नावे आहेत. नेमकी छटा कोणती, हे मानक सांगत नाही. ३९ आणि ४९ हे दोन आकडे ‘डिफॉल्ट रंग’ यासाठी राखले आहेत, आणि डिफॉल्ट म्हणजे काय ते टर्मिनल बनवणाऱ्यावर सोडले आहे. आजच्या गोंधळाची बरीच मुळे या दोन मोकळ्या जागांत आहेत.

नेमक्या छटा आल्या त्या आयबीएम पीसीकडून. त्याच्या रंगीत कार्डात लाल, हिरवा, निळा आणि तीव्रता अशा चार बिटांतून सोळा रंग तयार होत. मजकुराच्या प्रत्येक अक्षरामागे एक बाइट असे. त्यातले चार बिट अक्षराच्या रंगाचे, तीन पार्श्वभूमीचे आणि एक अक्षर लुकलुकते ठेवायचे की नाही याचा. म्हणजे अक्षराला सोळा छटा मिळत आणि पार्श्वभूमीला नेहमीच्या पद्धतीत आठ, त्याही कमी तीव्रतेच्या. गडद पार्श्वभूमीवर उजळ अक्षरे हे गृहीतक यंत्राच्या रचनेतच मुरले होते. सुरुवातीचे मूल्य ७, म्हणजे काळ्यावर फिकट राखाडी. लिनक्सचा साधा कन्सोल आजही त्याच जोडीने सुरू होतो. ६ क्रमांकाच्या रंगाची गोष्ट वेगळी आहे. बिटांच्या हिशेबाने तो मळकट पिवळा व्हायला हवा होता, पण आयबीएमच्या ५१५३ मॉनिटरमध्ये त्यातला हिरवा अर्धा करून तपकिरी करण्यासाठी खास सर्किट बसवले होते. ही तपकिरी छटा पुढे व्हीजीए या आयबीएमच्याच नंतरच्या पद्धतीच्या रंगसंचातही आली.

काळाच चालावा असा मात्र दंडक नव्हता. डॉसवरच्या वर्डपरफेक्ट, नॉर्टन कमांडर, टर्बो पास्कल अशा गाजलेल्या प्रोग्रामांनी निळी पार्श्वभूमी लोकप्रिय केली. नंतर १९९९ च्या सुमारास एक्सटर्ममध्ये २५६ रंग आले. त्यांत मूळ सोळा, सहा-सहा-सहाच्या घनातले २१६ आणि राखाडीच्या २४ छटा आहेत. त्यापुढे लाल, हिरवा आणि निळा यांची थेट मूल्ये देऊन लाखो छटा मागण्याची सोयही झाली. तरी रोजच्या वापरातले बहुसंख्य प्रोग्राम त्या पहिल्या आठ-सोळा नावांवरच चालतात.

खिडकीतले टर्मिनल

खिडक्यांची व्यवस्था आल्यावर टर्मिनल हे यंत्र न राहता एक प्रोग्राम झाले आणि फॉस्फरची अडचण संपली. मग डिफॉल्ट ठरला तो प्रत्येक घराण्याच्या परंपरेने. १९८४ मध्ये सुरू झालेल्या एक्सटर्मने एक्स विंडोज व्यवस्थेचेच रंग घेतले, पांढऱ्यावर काळे. मॅकच्या टर्मिनलनेही मॅकची कागदी परंपरा चालवली. विंडोजने डॉसची काळी चौकट उचलली. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेलने वेगळे दिसण्यासाठी गडद निळा घेतला, आणि उबुंटूने २०१० मध्ये नवी ओळख घडवताना निवडलेला वांगी रंग टर्मिनललाही दिला.

पॉवरशेलच्या निळ्याचे उदाहरण जवळून पाहण्याजोगे आहे. विंडोजच्या कन्सोलमध्ये सोळाच रंगांच्या जागा होत्या आणि हवा तसा गडद निळा त्यांत नव्हता. तेव्हा ‘गडद मॅजेंटा’ या जागेतच तो निळा भरला आणि तीच जागा पार्श्वभूमीला दिली. तसेच ‘गडद पिवळा’ या जागेत जवळजवळ पांढरा रंग भरून तो अक्षरांना दिला. परिणाम असा की एखाद्या प्रोग्रामने गडद मॅजेंटात काही लिहिले की ते त्या खिडकीत निळ्यावर निळे होऊन अदृश्य होई. दिसण्यात सुबक असलेला डिफॉल्ट दुसऱ्या प्रोग्रामांशी झालेला अलिखित करार कसा मोडतो, ते यात दिसते.

२०१० च्या दशकात वारे गडद बाजूने वाहू लागले. संपूर्ण व्यवस्थेसाठी डार्क मोड मॅकवर २०१८ मध्ये आला, अँड्रॉइड आणि आयफोनवर २०१९ मध्ये. मॅकच्या टर्मिनलची मूळ जोडी आता व्यवस्थेच्या मोडप्रमाणे उजळ किंवा गडद होते. अलीकडची इतरही काही टर्मिनले हेच करतात. डिफॉल्ट म्हणजे एक ठरलेली जोडी, ही समजूत त्यामुळे मागे पडत चालली आहे.

वाचनीयतेचे प्रयोग

उजळ पार्श्वभूमीच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा आहे तो प्रयोगशाळेतला. १९८० मध्ये बाउअर आणि कॅव्होनियस यांनी पडद्यावरची अक्षरे उलटी करून, म्हणजे उजळावर गडद ठेवून, चाचण्या घेतल्या आणि वाचन अधिक अचूक होते असे नोंदवले. पुढे जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ विद्यापीठात आक्सेल बुखनर आणि सहकाऱ्यांनी या प्रश्नावर प्रयोगांची मालिकाच केली. त्यांच्या २००७ च्या निबंधात मुद्रितशोधनाच्या कामात उजळ पार्श्वभूमी सरस ठरली, आणि खोलीतला उजेड कमी असो वा जास्त, हा फरक टिकला. २०१३ च्या निबंधात हाच लाभ तरुण आणि वृद्ध दोघांतही आढळला. २०१४ मध्ये असे दिसले की अक्षरे जितकी लहान तितका हा लाभ मोठा.

यामागचे कारणही याच गटाने तपासले. २००९ च्या प्रयोगात दोन्ही पडद्यांची एकूण उजळता सारखी केल्यावर फरक नाहीसा झाला. म्हणजे लाभ काळ्या अक्षरांचा नसून पडद्यावरून डोळ्यात येणाऱ्या जास्त प्रकाशाचा आहे. जास्त प्रकाशात बाहुली आकुंचन पावते, डोळ्याच्या भिंगातले दोष कमी जाणवतात आणि प्रतिमा नेमकी पडते. गडद पार्श्वभूमीवर बाहुली मोठी होते आणि उजळ अक्षरांच्या कडा पसरल्यासारख्या दिसू शकतात. दृष्टिवैषम्य असलेल्यांकडून अशी तक्रार विशेष ऐकू येते.

या निष्कर्षांच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. हे प्रयोग सलग मजकूर वाचणे, चुका शोधणे, अक्षर ओळखणे अशा कामांवरचे आहेत. टर्मिनलमधले वाचन बहुधा तुटक असते. शेकडो ओळी सरकून जातात आणि नजर एका शब्दावर थांबते. शिवाय ड्युसेलडॉर्फचे काम रोमन लिपीवरचे आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली मात्रा येतात, आणि टर्मिनलच्या ठरीव रुंदीच्या चौकटीत त्या आणखी दाटतात. बारीक तपशील जास्त म्हणजे उजळ पार्श्वभूमीचा लाभही जास्त, असा तर्क करता येतो, पण रोमन अक्षरांवरचे निष्कर्ष जसेच्या तसे देवनागरीला लावता येत नाहीत.

गडद पार्श्वभूमीची बाजू

गडद पार्श्वभूमीच्या समर्थकांचा पहिला मुद्दा आरामाचा. अंधाऱ्या खोलीत मोठा पांढरा पडदा डोळ्यांवर येतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. वाचनाचा वेग थोडा कमी झाला तरी चालेल पण डोळे दिपायला नकोत, असे म्हणणाऱ्यांना वेगाचे आकडे उत्तर देऊ शकत नाहीत. पडद्याची उजळता खोलीच्या मानाने कमी करणे हा त्यावरचा उपाय असल्याचे दुसरी बाजू सांगते. पण उजळता कमी केली की बाहुली आकुंचन पावण्याचा लाभही तितका ओसरतो.

दुसरा मुद्दा दृष्टीतल्या फरकांचा. गॉर्डन लेग आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये कमी दृष्टी असलेल्यांच्या वाचनाचा अभ्यास केला. डोळ्यातला पारदर्शक भाग धूसर झालेल्यांना काळ्यावर पांढरे वाचणे सोपे गेले, कारण पांढऱ्या पार्श्वभूमीचा प्रकाश त्यांच्या डोळ्यात विखुरतो आणि अक्षरांवर धुके पसरते. अशा वाचकांसाठी गडद पार्श्वभूमी ही हौस नसून गरज आहे. ट्युबिंगेनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये आणखी एक दिशा दाखवली. पांढऱ्यावर काळे तासभर वाचल्यावर डोळ्यातला कोरॉइड हा थर किंचित पातळ झाला आणि काळ्यावर पांढरे वाचल्यावर किंचित जाड झाला. हा थर पातळ होण्याचा संबंध लघुदृष्टिदोष (मायोपिया) वाढण्याशी जोडला जातो. तो प्रयोग लहान गटावरचा आणि अल्पकाळाचा होता. त्यावरून दीर्घकालीन सल्ला देणे घाईचे ठरेल.

तिसरा मुद्दा विजेचा, आणि तो पडद्याच्या जातीवर अवलंबून आहे. नेहमीच्या एलसीडीत मागचा दिवा पेटलेलाच असतो, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीने फारसे काही वाचत नाही. ओएलईडीत काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात ओएलईडी फोनवर पूर्ण उजळतेला डार्क मोडने ३९ ते ४७ टक्के बचत झाली, पण नेहमीच्या ३० ते ५० टक्के उजळतेला ती ३ ते ९ टक्केच भरली.

चौथा मुद्दा रंगांच्या वापराचा. काळ्यावर लाल, हिरवा, पिवळा, सायन यांच्या उजळ छटा वेगवेगळ्या ओळखू येतात. पांढऱ्यावर तेच रंग वाचनीय करायचे तर ते सगळे गडद करावे लागतात, आणि गडद झाल्यावर ते एकमेकांसारखे दिसू लागतात. रंगीत कोड दिवसभर पाहणाऱ्यांचा कल गडद पार्श्वभूमीकडे असण्याचे हे एक कारण आहे. याला उलटी बाजू आहे ती निळ्याची.

निळ्याचा आणि पिवळ्याचा पेच

वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमच्या २००८ च्या सुगम्यता मार्गदर्शिकेत दोन रंगांतला फरक मोजण्याचे सूत्र आहे. त्यात १ म्हणजे फरक शून्य आणि २१ म्हणजे काळे-पांढरे. साध्या मजकुराला किमान ४.५ असावे आणि कडक निकष ७ चा. मार्गदर्शिका वेबपानांसाठी आहे, पण टर्मिनलच्या चर्चेत हाच आकडा सर्रास वापरला जातो.

या मापाने जुने रंग तपासले की दोष उघडा पडतो. व्हीजीएचा निळा, म्हणजे लाल ०, हिरवा ०, निळा १७०, काळ्यावर फक्त १.६ इतका भरतो. विंडोजच्या जुन्या कन्सोलमधला १२८ मूल्याचा निळा १.३ वर अडकतो. कारण शरीररचनेतच आहे. उजळपणाच्या जाणिवेत निळ्याचा वाटा या सूत्रानुसार सात टक्क्यांच्या आसपास आहे, आणि दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी, जिथे आपण वाचतो तिथे, निळा ओळखणाऱ्या शंकुपेशी जवळजवळ नसतात. गंमत अशी की फाइलींची यादी दाखवणारी लिनक्सची एलएस ही कमांड रंग चालू असताना फोल्डरांची नावे ठळक निळ्यातच दाखवते. पांढऱ्यावर शुद्ध निळा ८.६ भरतो आणि उत्तम वाचता येतो.

पिवळ्याचे नेमके उलट. शुद्ध पिवळा काळ्यावर १९.६ इतका झळझळीत दिसतो आणि पांढऱ्यावर १.०७ म्हणजे दिसतच नाही. एक्सटर्मचा साधा पिवळा पांढऱ्यावर १.७ वर थांबतो. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटची इतिहास दाखवणारी कमांड प्रत्येक नोंदीचा क्रमांक पिवळ्यात देते, त्यामुळे पांढऱ्या टर्मिनलात नेमका तो क्रमांकच हरवतो. या पार्श्वभूमीवर आयबीएमने केलेला तपकिरी बदल वेगळा उठून दिसतो. ती छटा काळ्यावर ४ आणि पांढऱ्यावर ५.२ भरते, म्हणजे दोन्हीकडे निभावते.

यावर टर्मिनल बनवणाऱ्यांनी निळा उजळ करण्याचा मार्ग धरला. एक्सटर्मने आपले दोन्ही निळे बदलले. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोज कन्सोलचे सगळेच रंग बदलले. तो वीसहून अधिक वर्षांतला पहिला बदल होता. नव्या संचातला गडद निळा जवळजवळ काळ्या पार्श्वभूमीवर सुमारे २.४ भरतो. आधीपेक्षा तो बराच बरा आहे, पण ४.५ पासून दूरच. फार उजळ केला तर निळा आकाशी होतो आणि सायनशी त्याची गल्लत होते, ही इथली अडचण.

रंगांधळेपणाचा मुद्दाही याच हिशेबात येतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत लाल-हिरव्यातला फरक नीट न ओळखू येणाऱ्यांचे प्रमाण सुमारे आठ टक्के आहे. वगळलेली ओळ लाल आणि नवी ओळ हिरवी, हा टर्मिनलमधला रूढ संकेत त्यांच्या उपयोगाचा नाही. त्यामुळे रंगासोबत उणे-अधिकसारखे चिन्ह हवेच, याबद्दल सर्व बाजूंचे एकमत आहे.

आखून केलेले रंगसंच

छटा अंदाजाने न निवडता मोजून निवडाव्यात, या विचाराचे सर्वांत प्रसिद्ध फळ म्हणजे ईथन शूनोव्हर यांचा २०११ चा सोलराइज्ड. त्यात आठ उदासीन छटा आणि आठ रंग आहेत. त्यांची उजळता लॅब या रंगमापनाच्या पद्धतीत बसवलेली आहे, आणि उदासीन छटांची अदलाबदल केली की तोच संच उजळ किंवा गडद होतो. काळ्या-पांढऱ्याचा टोकाचा फरक टाळून डोळ्यांना मवाळ वाटावे हा त्यामागचा उद्देश.

सोलराइज्डवरचे दोन आक्षेप या क्षेत्राच्या एकूण अडचणी दाखवतात. पहिला असा की मवाळपणाची किंमत वाचनीयतेत मोजावी लागते. त्याच्या गडद रूपात साध्या मजकुराचा फरक ४.७५ भरतो आणि उजळ रूपात ४.१, म्हणजे किमान निकषाच्या खाली. दुसरा आक्षेप जागांचा. आठ उदासीन छटा टर्मिनलच्या सोळा जागांत बसवण्यासाठी ‘उजळ’ रंगांच्या बहुतेक जागा त्यांना दिल्या गेल्या. ‘उजळ काळा’ या जागेत गडद रूपाची पार्श्वभूमीच बसली. एखाद्या प्रोग्रामने दुय्यम मजकूर राखाडी दिसावा म्हणून उजळ काळा मागितला की तो मजकूर पार्श्वभूमीत विरघळतो. पॉवरशेलच्या मॅजेंटासारखाच हा प्रकार आहे. समर्थकांच्या मते चूक प्रोग्रामची, कारण मानकाने या जागेला राखाडी म्हटलेलेच नाही. विरोधकांच्या मते दशकांची वहिवाट हेच मानक.

निर्णय कोणाचा

तिसऱ्या प्रश्नावर तीन भूमिका आहेत. पहिली टर्मिनलकेंद्री. प्रोग्रामने फक्त नावे सांगावीत, छटा टर्मिनलने ठरवाव्यात आणि वाचनीयता टर्मिनलनेच सांभाळावी. दुसरी प्रोग्रामकेंद्री. प्रोग्रामने अक्षर आणि पार्श्वभूमी दोन्हींची थेट मूल्ये द्यावीत, म्हणजे शंकेला जागा उरत नाही. तिसरी वापरणाऱ्याला अग्रक्रम देणारी. रंग मुळात बंद असावेत किंवा एका खुणेने बंद करता यावेत. २०१७ पासून प्रचारात आलेला नो-कलर हा संकेत या तिसऱ्या भूमिकेचा. त्या नावाचे एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल भरलेले असेल तर प्रोग्रामने आपणहून रंग वापरू नयेत, एवढेच तो सांगतो.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो अर्धवट रंगांनी. प्रोग्राम अक्षराचा रंग पांढरा ठरवतो आणि पार्श्वभूमी काळीच असणार असे धरून चालतो. कर्सेस या जुन्या लायब्ररीत हे गृहीतक अधिकृतच होते. रंग चालू केले की तिची मूळ जोडी काळ्यावर पांढरी, मग टर्मिनल कोणतेही असो. त्यामुळे पांढऱ्या खिडकीत असा प्रोग्राम उघडला की अख्खी खिडकी काळी होई. तिच्या एनकर्सेस या नव्या रूपाने पुढे ‘टर्मिनलचा डिफॉल्ट वापरा’ अशी वेगळी सूचना दिली आणि ही अडचण सुटण्याजोगी झाली, पण ती सूचना प्रोग्राम लिहिणाऱ्याने आठवणीने द्यावी लागते.

पार्श्वभूमी गडद आहे की उजळ, हे प्रोग्रामला कळावे कसे? विम या संपादकाने बराच काळ टर्मिनलच्या नावावरून अंदाज बांधला. नाव ‘लिनक्स’ किंवा ‘पुटी’ असेल तर गडद, नाहीतर उजळ. आरएक्सव्हीटी या टर्मिनलने एका एन्व्हायरनमेंट व्हेरिएबलमध्ये दोन्ही रंग लिहून ठेवण्याची पद्धत काढली, पण दूरच्या संगणकावर लॉगिन केल्यावर ते मूल्य सहसा सोबत जात नाही, आणि मध्येच रंग बदलले तर ते शिळे होते. तिसरा मार्ग टर्मिनललाच विचारण्याचा. ओएससी ११ हा संदेश प्रश्नचिन्हासह पाठवला की टर्मिनल पार्श्वभूमीची तीन मूल्ये परत पाठवते. हे उत्तर कीबोर्डवरून टाइप केल्यासारखे येते. जोडणी संथ असेल आणि उत्तर येईपर्यंत प्रोग्राम बंद झाला असेल, तर कमांडच्या जागी आकडे आणि तिरक्या रेघांची निरर्थक ओळ उमटते. मोड बदलल्याची वर्दी टर्मिनलने आपणहून द्यावी, अशी सोयही काही नव्या टर्मिनलांनी अलीकडे स्वीकारली आहे.

टर्मिनलकेंद्री भूमिकेतून आलेला आणखी एक उपाय म्हणजे किमान फरकाची सक्ती. मॅकवरच्या आयटर्म २ या टर्मिनलमध्ये त्यासाठी सरकपट्टी आहे. विंडोज टर्मिनलमध्येही तशी सोय आहे. व्हीएस कोड या संपादकाच्या अंगभूत टर्मिनलात ४.५ हा आकडा डिफॉल्टच ठेवला आहे. प्रोग्रामने मागितलेला रंग पार्श्वभूमीवर पुसट पडत असेल तर टर्मिनल तो परस्पर उजळ किंवा गडद करते. यामुळे हरवलेला निळा आणि पिवळा परत दिसू लागतो. आक्षेप असा की मुद्दाम मंद ठेवलेला मजकूरही त्यामुळे पुढे येतो आणि कलाकाराने निवडलेल्या छटा बिघडतात.

अनिर्णित मुद्दे

आजवरच्या चर्चेतून काही गोष्टी पुरेशा स्पष्ट झाल्या आहेत. गडद पार्श्वभूमीचा उगम फॉस्फरच्या मर्यादांत आहे, वाचनाच्या चाचण्यांत नाही. सामान्य दृष्टीच्या वाचकाला पुरेशा उजळ पडद्यावरचा बारीक मजकूर पांढऱ्यावर काळा असताना अधिक अचूक वाचता येतो. धूसर दृष्टीच्या वाचकांना उलटी जोडी मानवते. अंधारातला आराम आणि व्यक्तिगत पसंती यांचे वजन वेगाच्या आकड्यांत मोजता येत नाही. म्हणून एकच डिफॉल्ट सगळ्यांना लागू करण्याऐवजी व्यवस्थेच्या मोडप्रमाणे चालणारा डिफॉल्ट देण्याकडे कल वाढतो आहे.

तीन गोष्टी मात्र सुटलेल्या नाहीत. पहिली मोजमापाची. २००८ चे सूत्र काळ्यावर निळा आणि निळ्यावर काळा यांना एकच आकडा देते, पण डोळ्यांना दोन्ही सारखे वाटत नाहीत. दिशेचा विचार करणारी नवी सूत्रे, त्यांत अँड्र्यू सॉमर्स यांचे एपीसीए, मांडली गेली आहेत, पण त्यांना अजून मानकाचा दर्जा नाही. दुसरी गोष्ट सोळा जागांच्या अर्थाची. ‘उजळ काळा’ पार्श्वभूमीपासून वेगळा दिसलाच पाहिजे, ‘पांढरा’ म्हणजे पांढराच की ‘पार्श्वभूमीच्या विरुद्ध’, उजळ संचात काळा आणि पांढरा यांनी जागा बदलाव्यात का, यावर टर्मिनल बनवणारे आणि रंगसंच आखणारे यांचे एकमत नाही. तिसरी गोष्ट जबाबदारीची. अर्थ सांगून रंग टर्मिनलवर सोडण्याची ३२७९ ची पद्धत आजच्या टर्मिनलांत नाही. ‘चूक’, ‘इशारा’, ‘दुय्यम मजकूर’ असे सांगण्याची सर्वमान्य भाषा नसल्याने प्रोग्राम लाल, पिवळा आणि राखाडी मागतात, आणि ते दिसतील की नाही हे समोरच्याच्या डिफॉल्टवर अवलंबून राहते. तोवर प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी व्यवहारात निभावणारे नियम थोडकेच आहेत. साधा मजकूर डिफॉल्ट रंगातच ठेवावा, अक्षराचा रंग बदलताना पार्श्वभूमी गृहीत धरू नये, धरायचीच तर दोन्ही रंग द्यावेत, आणि जे रंगाने सांगितले ते चिन्हानेही सांगावे.